वारा कोणाचा

देरामान पुन्हा उठला. पुढच्या जिन्यापर्यंत गेला, खालच्या वाळूकडे पाहिलं, वळला, बैठकीतून स्वयंपाकघरात आला, मागच्या दारानं उतरून सुपारीच्या झाडापाशी गेला आणि काहीतरी विसरल्यासारखा तिथं उभा राहून परत आला. घर लाकडी, खांबांवर उभं. त्याच्या प्रत्येक फेरीला जमिनीच्या फळ्या कुरकुरत. महिनाभर त्या कुरकुरत होत्या, भर दुपारी आणि पहाटेही.

खिडकीशी टेबल लावून बसलेली त्याची मुलगी जुराइदा मान वर न करता म्हणाली, "आयाह, बसा ना जरा."

"बसलोच होतो की."

"कधी?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा."

पूर ओसरून बरेच दिवस झाले होते आणि समुद्रावरून कोरडा, उष्ण वारा सुटला होता. त्या दिवसांत थायलंडच्या सीमेलगतच्या, तुम्पातकडच्या गावांत कुठलीच वस्तू जागेवर राहत नाही. न्हाणीघराचा पत्रा वाजत होता, दोरीवरची लुंगी शेजारच्यांच्या कुंपणावर जाऊन पडली होती. जुराइदानं आपल्या कागदांवर वजन म्हणून आईचे पितळी साचे ठेवले होते.

कागद शब्दकोशाचे होते. ती तानाह मेराहच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीत क्वालालंपूरच्या एका प्रकाशकासाठी इंग्रजी-मलय शब्दकोशाचं काम करायची. यंदा तिच्या वाट्याला शेवटची अक्षरं आली होती. बाकी सगळ्या नोंदी मान्य झाल्या, एकटी 'विंड' परत आली. समासात संपादकबाईंचा, पुआन माझनाह यांचा शेरा होता: फार लांब. कापून गुरुवारपर्यंत पाठवा.

काय कापायचं ते तिला कळत नव्हतं. इंग्रजीत हा शब्द आधी हवामानाचा, मग उरलेल्या सगळ्याचा. वाहणारी हवा, धावणाऱ्याचा दम, पोटातला वायू, फुंकून वाजवायची वाद्यं, पोकळ बडबड, एखाद्या गोष्टीचा लागलेला सुगावा. आणि क्रियापद केलं की तान्ह्या बाळाला ढेकर काढायला लावणं. मलयमध्ये वाऱ्याला अंगिन म्हणतात. पहिल्या अर्थाला तो चालला. दमाला चालला नाही, तिथं नाफास घ्यावा लागला. पोटाला पुन्हा अंगिनच. पण अफवेला मलय माणूस वाऱ्याची बातमी म्हणतो, फिरायला जाण्याला वारा खाणं म्हणतो, तापट माणसाला वाऱ्याच्या डोक्याचा म्हणतो, आणि यांतलं काहीच इंग्रजीच्या पोटात मावत नाही. जुराइदाची काम करायची एक रीत होती. प्रत्येक अर्थासाठी एक वाक्य करायचं, खरोखर कोणीतरी बोलेल असं, आणि त्यात एकेक मलय शब्द बसवून बघायचा. डुगडुगतो तो काढायचा, ठाम बसतो तो ठेवायचा. वाक्यं ती आईकडून घ्यायची.

"मोक, बाळाला पाजल्यावर पाठीवर हात मारतो, त्याला काय म्हणतो आपण?"

"थोपटणं," चुलीपुढून सलामाह म्हणाली.

"ते झालं. पण कशासाठी?"

"गप्प बसावं म्हणून."

"ढेकर यावा म्हणून ना?"

"येतो एखाद्याला. तुझ्या भावाला कधी आला नाही. तो सरळ अंगावर ओकायचा."

सलामाह आकोक भाजत होती. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ यांचं पीठ पितळी साच्यात ओतायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे. गेली तीस वर्षं रोज पहाटे ती ते भाजून घरासमोरच्या फळकुटावर मांडत आली होती. हल्ली मागणी वाढली म्हणून दुपारीही एक घाणा काढायची. तिच्या बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. तिनं साचा उलटा केला, सुरीच्या टोकानं एक आकोक सोडवला आणि त्याच आवाजात म्हणाली, "मला जायचं नाही."

जुराइदानं पेन खाली ठेवलं.

जायचं होतं क्वालालंपूरजवळच्या शाह आलमला, जुराइदाच्या आबेकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे. फौझीचा तिथं वातानुकूलन यंत्रं बसवायचा धंदा होता. बापाचं हे चालणं सुरू झाल्यावर तोच सुट्टी काढून आला, बापाला कोटा भारूच्या इस्पितळात घेऊन गेला. हृदय चांगलं निघालं, साखर चांगली निघाली, डोक्याचं चित्रही काढलं, तेही चांगलं निघालं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळी घेऊन देरामान डोळे अर्धे मिटून चालू लागला, एवढाच फरक पडला. भात अर्धा टाकून उठायचा. गालफडं बसली होती. शेवटी फौझीनं ठरवलं की दोघांना आपल्याकडे न्यायचं आणि घर गावातल्या एका मास्तरांना भाड्यानं द्यायचं. शनिवारी सकाळी तो मोठी गाडी घेऊन येणार होता. फोनवर त्यानं हे सगळं आईला सांगितलं, तेव्हा ती "बघू" म्हणाली होती. त्यानं ते हो म्हणून ऐकलं.

"मग आबेला सांग ना तसं," जुराइदा म्हणाली.

"काय सांगू? बाप वाळत चाललाय आणि मला माझी चूल सोडवत नाही, असं सांगू?"

"तसं नाही—"

"तसंच होतं ते. कसंही सांगितलं तरी तसंच ऐकू येतं." तिनं पुढचा आकोक सोडवला. "हे बरे झाले तर न्यायचं कारणच उरणार नाही. मला तोंड उघडायलाच नको. पोक लेहला निरोप पाठवलाय मी. शुक्रवारी येतोय."

पोक लेह म्हणजे नदीपलीकडचा म्हातारा रबाब वाजवणारा. त्या भागात मानतात की प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून एक वारा असतो. कोणाच्या अंगात राजपुत्राचा, कोणाच्या मल्लाचा, कोणाच्या वाघाचा. त्याला खेळायला जागा मिळाली तर माणूस धड राहतो. कोंडला तर अन्न गोड लागत नाही, बसवत नाही, झोपवत नाही. मग रबाबवाल्याला बोलावतात. तो एकेक वाऱ्याची चाल वाजवून बघतो, आणि आपली चाल आली की आजारी माणूस आपोआप हलू लागतो, डोलतो, रडतो, नाचतो, आणि उठतो तेव्हा भूक लागलेली असते.

देरामानच्या बाबतीत कोणता वारा, याबद्दल कोणाला शंका नव्हती. तो ढोलकिया. सावल्यांच्या बाहुल्यांचे खेळ, लग्नं, असे उपचार, सगळीकडे त्याचाच ढोल. चार वर्षांपूर्वी तो हज करून आला आणि फौझी म्हणाला, आता पुरे ना आयाह, वय झालं, लोकही नावं ठेवतात. देरामाननं वाद घातला नाही. ढोल पोक लेहच्या घरी, त्याच्या पुतण्याकडे पोचवून आला. त्यामुळे दुखणं कुठलं ते उघडच होतं. चार वर्षं काही झालं नाही आणि आताच कसं झालं, हे जुराइदानं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "वाळवी काय पहिल्या दिवशी दिसते?"

"आबेला कळलं तर?"

"कसं कळेल? तू सांगणार नाहीस, मी सांगणार नाही."

जुराइदानं पेन उचललं आणि सुगाव्याच्या अर्थापुढे वाक्य लिहिलं: त्याच्या मुलाला या बेताचा वारासुद्धा लागला नाही. मलयमध्ये ते छान बसलं.

गुरुवारी पुआन माझनाह यांचा फोन आला.

"बाई, बाळाचा ढेकर राहू दे, वाद्यं राहू देत. पण ही खाली टीप काय दिलीये तुम्ही? वाऱ्याचं दुखणं, अंगातला वारा?"

"आपल्याकडचा अर्थ आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला कळावं की—"

"इंग्रजी वाचणाऱ्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ हवाय. आपण त्यांच्या वाऱ्याचे अर्थ सांगतोय, आपल्या नाही. आपला अंगिन 'अ'खाली येईल, दुसऱ्या खंडात, मलय-इंग्रजीत."

"दुसरा खंड कधी?"

"पहिला तर होऊ दे."

त्यांचं बरोबर होतं. जुराइदानं टीप खोडली, नोंद स्वच्छ केली आणि संध्याकाळच्या आत पाठवून दिली. मग करायला काही उरलं नाही आणि तीही घरात इकडून तिकडे हिंडू लागली. आई म्हणाली, "आता दोघं झालात."

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून पोक लेह मोटारसायकलवरून आला. पाठीला रबाबाची कापडी पिशवी आडवी बांधलेली, मागच्या कॅरियरला पोत्यात गुंडाळलेला ढोल. अशी कामं रात्रीची असतात, पण रात्री रबाबाचा आवाज लांब जातो आणि अर्धं गाव अंगणात येऊन बसतं, म्हणून सलामाहनंच दुपार ठरवली होती. वारा एवढा होता की शेजारच्या घरातलं बोलणंसुद्धा उडून जात होतं.

"काय देरामान," जिना चढता चढता पोक लेह म्हणाला, "चालतोस म्हणे. थायलंड आलं का?"

"जाऊन परतही आलो. तू घोरत होतास."

"गोळ्या खातोस का?"

"खातो की. चालायला जोर येतो."

सलामाहनं चटई अंथरली. ताटात साळीच्या लाह्या, हळदीचा पिवळा भात, विडा, एक मेणबत्ती. वाऱ्यानं मेणबत्ती टिकेना, तेव्हा जुराइदानं तिच्याभोवती डब्याचा पत्रा उभा केला. पोक लेहनं ऊद पेटवला, पुटपुटत चिमूटभर लाह्या ताटात उधळल्या, त्या कशा पडल्या ते बघितलं आणि विचारलं, "आजारी कोण, हाच ना?"

"दुसरं कोण?" सलामाह म्हणाली.

त्यानं रबाब मांडीसमोर उभा केला आणि गज फिरवला.

"मधली तार उतरलीय," देरामान म्हणाला.

"आजारी माणसानं बोलायचं नसतं."

"मग तार चढव."

पहिली चाल राजपुत्राची. स्वर्गात हरिणामागे निघालेल्या राजपुत्राची ती लांबलचक, हुरहुरीची चाल ऐकून त्या गावात भल्याभल्यांनी डोकी आपटली होती. देरामान मधेच उठला, पुढच्या जिन्यापर्यंत गेला, परत आला, बसला. पोक लेहनं ती अर्ध्यावर सोडून मल्लाची घेतली. देरामाननं खिडकीतून शेजाऱ्याची बकरी बघितली. वाघाची चाल खर्जात सुरू होते. ती सुरू झाली तेव्हा त्यानं जुराइदाकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन तो मागच्या दारानं खाली उतरला. पोक लेह रिकाम्या चटईसमोर वाजवत राहिला.

जुराइदा भिंतीला टेकून बघत होती. या सगळ्यावर तिचा विश्वास होता का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण म्हाताऱ्याची रीत तिच्या ओळखीची होती. तो एक चाल ठेवायचा, ती डुगडुगते का बघायचा, काढून घ्यायचा, दुसरी ठेवायचा. कंटाळा नाही, घाई नाही. फक्त इथं वाक्यच जागेवर बसत नव्हतं.

देरामान परत आल्यावर पोक लेहनं शेवटचं पान टाकलं. पोत्यातून ढोल काढून त्याच्यापुढे सरकवला आणि बाहुल्यांच्या खेळाआधीचं नमन सुरू केलं. ते देरामाननं उभ्या आयुष्यात हजारो वेळा वाजवलं असेल. सलामाह स्वयंपाकघराच्या दारात गुडघे जवळ घेऊन बसली होती, ती पुढे सरकली.

देरामाननं ढोलावर बोट फिरवलं. "कातडं ढिलं केलंय तुझ्या पुतण्यानं," तो म्हणाला आणि ढोल बाजूला लोटून उठला.

सलामाहचा चेहरा उतरला.  तिनं खिडकीबाहेर, जिथून उद्या गाडी येणार होती त्या रस्त्याकडे बघितलं.

"हात आखडले," पोक लेह म्हणाला. "कॉफी टाक, सलामाह. काळी. मग एकदा पहिल्यापासून बघू, नाहीतर मी निघतो. माझ्या हातून व्हायचं असेल असं काही नाही."

ती आत गेली. तो बोटं सैल करायला स्वतःशीच काहीतरी वाजवू लागला. काही शोधत नव्हता. हाताला आली ती चाल जुनी होती, माक योंग नावाच्या नाचगाण्याच्या खेळाच्या अगदी सुरुवातीची. त्या खेळात राजाचं सोंगही बाईच घेते. पडदा नसतो, काही नसतं. बाया रबाबासमोर जमिनीवर बसतात, त्याला हातांनी वंदन करतात आणि बसल्या बसल्या इतक्या सावकाश वर येऊ लागतात की उठताना दिसत नाहीत.

सलामाह कॉफीचं ताट घेऊन दारात आली आणि थांबली. मग तिनं ताट तिथंच, वाटेच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. चटईवर आली, पाय दुमडून रबाबासमोर बसली आणि हात जोडून कपाळाला लावले. जुराइदाला वाटलं, पाया पडून ती म्हाताऱ्याला थांबवणार. पण हात खाली आले ते सरळ आले नाहीत. मनगटं वळली, गुळगुळीत झालेली बोटं मागे वाकली, एवढी की ती तिच्या हाताची वाटेनात. त्या बोटांना आकोकचा वास अजून येत होता. तिनं गायला सुरुवात केली. आवाज फुटका होता, वरच्या पट्टीत पोचत नव्हता, पण शब्द एकही अडला नाही.

पोक लेहनं तिच्याकडे पाहिलं आणि गज थांबवला नाही. अशा वेळी थांबवायचा नसतो.

लग्नाआधी आई दोन हंगाम माक योंगच्या एका मंडळीत होती, हे जुराइदाला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मंडळी पोक लेहच्या बापाची, ढोलावर देरामान. त्यानं तिला मागणी घातली, लग्न झालं, आणि सासू म्हणाली की सुनेनं आता राजा व्हायचं नाही. ती झाली नाही. यात कोणाचं काही बिनसलं, असं कधी कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. जुराइदानं आईला गाताना ऐकलं नव्हतं, अंगाईसुद्धा नाही.

देरामान सुपारीच्या झाडापासून परतला. दारात ताट आडवं होतं, म्हणून थांबावं लागलं. थांबला तसा थांबलाच. सलामाह एका गुडघ्यावर आली होती, केसांचा अंबाडा सुटला होता, डोळे उघडे होते पण बघत कोणाकडेच नव्हते. तो बराच वेळ तिथं उभा राहिला. मग ताट ओलांडून आत आला, भिंतीशी लोटलेला ढोल ओढून घेतला आणि बसला. पहिले काही ठोके चुकले. पोक लेहनं तोंड वाकडं केलं. देरामाननं हात झटकले, मान खाली घातली आणि पुन्हा धरलं.

खाली वाळूत गाडी येऊन थांबली ती कोणाला ऐकूच आली नाही.

फौझी जिना चढून वर आला, दारात चपला काढल्या, सलाम करायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोट सुटलेला, दिवसभर गाडी चालवून शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, शेवटी बहिणीकडे बघितलं. जुराइदानं बोटानं बसायची खूण केली. तो उंबऱ्यावरच बसला.

चाल आपल्या गतीनं संपली. पोक लेहनं लाह्या उधळल्या, दोन शब्द पुटपुटला, रबाब आडवा केला. सलामाह धापा टाकत बसली. घामानं तिचा ब्लाउज भिजला होता. देरामान ढोलामागेच होता.

"शनिवारी येणार होतास ना," जुराइदा म्हणाली.

"पहाटेच फोन आला मला. तुमच्या घरी आज रबाबवाला येणार म्हणून." फौझीचा आवाज चढला नाही. तो दमला होता. "पोक लेह, तुम्हाला आयाहसाठी बोलावलं होतं ना?"

"हो. चूक माझी झाली. आल्या आल्या मी विचारलं, आजारी कोण. घरात कोण कोण राहतं ते विचारायला हवं होतं."

"म्हणजे? आजारी मोक आहे?"

"चालतोय तुझा बाप. कोंडलेला वारा हिचा." म्हाताऱ्यानं खांदे उडवले. "एका खोलीत धूर कोंडला तर खोकतो तो दुसराच कोणीतरी. असं होतं कधी कधी. नेहमी नाही."

"मला मधे घेऊ नका," देरामान म्हणाला.

"तुम्हालाच तर घेतलं होतं मधे," जुराइदा म्हणाली.

फौझीनं कपाळ चोळलं. "बरं. जे झालं ते झालं. मी कोणाला काही म्हणत नाही. उद्या सकाळी लवकर निघू, ऊन व्हायच्या आत. सामान कुठंय?"

 सलामाहनं केस गोळा केले, पिळा घातला, अंबाडा बांधला. 

"मी येत नाही," ती म्हणाली.

"मोक?"

"येत नाही. तुझं घर चांगलं आहे. गार आहे. तुझी बायको माझा मान ठेवते, मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. मागच्या वेळी तुझ्याकडे होते तेव्हा मी खुर्चीत बसून होते. सकाळी बसायची, संध्याकाळी उठायची. शेजारणीनं मला विचारलं, आजी, तुम्हाला चालता येत नाही का."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"आता सांगते."

"फोनवर बघू म्हणालीस."

"वाटलं, हे बरे होतील, तुझं तूच रद्द करशील, मला बोलावंच लागणार नाही." तिला अजून धाप होती. "बोलावं लागलं. येत नाही."

 फौझीनं बापाकडे मोर्चा वळवला. "आणि तुम्ही?"

"मी काय, चालतोच आहे. इथं चाललो काय, तिथं चाललो काय."

"मग यांना ने," सलामाह म्हणाली. "महिनाभर ने. तुझ्याकडे फरशी आहे, कुरकुरणार नाही. मला झोप तरी लागेल."

देरामान सावरून बसला. "मला कुठं पाठवतेस?"

"मग बसा गप्प."

"बसलोच आहे की," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

पोक लेह हसला. फौझी हसला नाही. "मोक, थट्टा नको. हे रात्री जिन्यावरून पडले तर? तुला उचलता येणार आहे? मी सात-आठ तासांवर. जुराइदाची शाळा. मी काय करायचं तिथं बसून, सांग ना. लोक मला फोन करतात, हाजी माणसाच्या घरात काय चाललंय म्हणून."

"फोन करणाऱ्याचं नाव सांग. सकाळी आकोक मिळायचा नाही त्याला."

"मी जिन्याबद्दल विचारतोय."

सलामाहनं जिन्याकडे बघितलं.  "पडले तर पडले. मी हाका मारीन. चार घरं आहेत शेजारी. पण पडतील म्हणून मी आत्तापासून खुर्चीत बसणार नाही."

"मी गुरुवारी संध्याकाळी येत जाईन," जुराइदा म्हणाली. "शनिवारपर्यंत राहीन. शुक्रवार-शनिवार शाळेला सुट्टीच असते. तासाभराचा तर रस्ता."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"आणि जिन्याला दार बसव," देरामाननं मुलाला सांगितलं. "आलाच आहेस तर. हत्यारं गाडीत असतात ना तुझ्या?"

फौझीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उठून खाली गेला. बराच वेळ गाडीशी उभा होता. जुराइदाला वाटलं, तो फोनवर बायकोशी बोलतोय, पण तो नुसताच उभा होता. वाऱ्यानं शर्ट फुगत होता. वर आला तेव्हा हातात मोजपट्टी होती. त्यानं जिन्याच्या तोंडाची रुंदी मोजली. कॉफी गार झाली होती ती सगळ्यांनी तशीच घेतली. पोक लेह मोटारसायकलला किक मारताना म्हणाला, ढोल इथंच राहू दे, मला कॅरियरला बांधायचा कंटाळा आलाय. फौझीनं ते ऐकलं आणि खिळा ठोकत राहिला.

शनिवारी सकाळी तो निघाला, मागच्या सीट दुमडलेल्या तशाच ठेवून. आईनं डबा भरून आकोक दिले. तो खाली वाकला, तिचा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "रात्रीही चालत होते ते. मी जागा होतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीही जागी होते."

"मग काय फरक पडला?"

"ते मला नको विचारूस. मी काय पोक लेह आहे?"

गाडी वळवायला अंगणात जागा कमी होती. देरामान मागे उभा राहून हात हलवत होता: ये, ये, अजून, डावीकडे, माड आहे. मग गाडीबरोबर तो रस्त्यापर्यंत चालत गेला, काचेतून आत काहीतरी म्हणाला, आणि गाडी मशिदीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी काही वेळ तिथंच राहिला. परत आला तेव्हा जिन्याचं नवं दार वाऱ्यानं आपटत होतं. त्यानं ते बाहेरूनच अडसर लावून बंद केलं आणि आपण खालीच राहिलो हे त्याच्या मग लक्षात आलं.

आतून सलामाहचा आवाज येत होता. कालचीच चाल, दबक्या आवाजात, चुलीवर काहीतरी हलवता हलवता.

"दुसऱ्या ओळीला उतरतेस," तो खालूनच म्हणाला.

"ठाऊक आहे. पुन्हा घेते."

तो खालच्या पायरीवर टेकला आणि ती ओळ यायची वाट बघू लागला. पाय वाळूत हलतच होते.